गाडी काय देता?

देवगडात मासळी बाजाराच्या तोंडाशी गाडी लावली की ओळखीचा असो वा नसो, कोणीतरी बोनेटवर हात ठेवून विचारतोच, "गाडी काय देता?" नवख्याला वाटावं, गाडी दूध देते की काय. विचारायचं असतं ते मायलेज, लिटरला किती किलोमीटर. आणि खरं सांगायचं तर आम्ही गाडीवाले उत्तरही म्हशीच्या मालकासारखंच देतो, लिटरभर वाढवून.

मी पंधराएक वर्षं "तेरा" सांगत आलो. हा तेराचा आकडा कुठून आला ते आठवत नव्हतं. बहुतेक गाडी नवी असताना एकदा मुंबईहून येताना काढला असेल, आणि मग तो तसाच राहिला. लग्न ठरवताना सांगितलेला पगार पुढे कोणी तपासत नाही, तसा.

तपासला तो आमच्या हिने. बागेतल्या गड्यांची मजुरी, खतं, फवारणी, पेट्या, सगळ्याचा हिशोब तिच्याकडे. गेल्या शिमग्यानंतर वही पुढे ओढून म्हणाली, "महिन्यात बासष्ट लिटर डिझेल. तुमची गाडी तेरा देते ना? म्हणजे आठशे किलोमीटर झाले. आठशे किलोमीटर गेलो कुठे आपण? मला तर कणकवलीच्या पुढे नेलं नाहीत."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी वही घेतली आणि मागच्या पानावर रकाने आखले: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, शेरा.

गाडी म्हणजे बोलेरो, २००७ ची. बोलेरो बाजारात आली २००० साली, आणि आमच्याकडे एकही वाडी अशी नसेल जिथे एखादी तरी उभी नाही. २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, साठ लिटरची टाकी, आणि पंप यांत्रिक. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर मायलेज दाखवणारा आकडाही नाही. २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पर्यावरण कर भरून, पासिंग करून आणखी पाच वर्षांची मुदत मिळवली. तेव्हा दोघा-तिघांनी "आता काढून टाक" म्हणून सांगितलं. पण हापूसच्या पेट्या, चतुर्थीची माणसं, आईला कणकवलीच्या डॉक्टरकडे नेणं, हे सगळं तिनेच केलंय. आणि सरळ सांगतो, नवी घ्यायला पैसेही नव्हते.

मोजमापाची सुरुवात मी मूर्खपणाने केली. लहानपणी मेस्त्री मोटरसायकलचं ॲव्हरेज काढताना बघितलेलं: टाकी रिकामी करायची, बाटलीतून मोजून पेट्रोल घालायचं, गाडी बंद पडेपर्यंत पळवायची. मला वाटलं, हीच खरी पद्धत, शंकाच नको. म्हणून डिझेलचा काटा खाली बसू दिला, पाच लिटरचा भरलेला डबा मागे ठेवला आणि कुणकेश्वरहून मिठबावच्या रस्त्याला लागलो. एका चढावर गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. मी शास्त्रज्ञाच्या थाटात मीटरचा आकडा टिपला, डबा ओतला, चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. बॅटरी दमेपर्यंत फिरवली.

डिझेल गाडीचं असं आहे की टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, आणि मग टाकीत कितीही ओता, पंपाला डिझेल खेचता येत नाही. पेट्रोल मोटरसायकलला हे दुखणं नाही. जामसंड्याहून मेस्त्री आला तोवर ऊन डोक्यावर आलेलं. त्याने डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट जरा ढिला केला आणि हॅण्डपंप अंगठ्याने दाबायला लागला. फस्, फस्. बोल्टच्या कडेने ताकावरच्या फेसासारखा पिवळट फेस यायला लागला. तो दाबत राहिला, मी चिंधी धरून उभा. तीसेक वेळा दाबल्यावर फेसात बुडबुडे कमी झाले, मग एकदम स्वच्छ धार आली, तशी त्याने पान्याने बोल्ट आवळला. गाडी पांढरा धूर सोडत सुरू झाली. हात पुसताना म्हणाला, "भाऊ, ही स्कूटर नाय." शिवाय टाकीच्या बुडाचा सगळा गाळ फिल्टरमध्ये आला, तो फिल्टर बदलावा लागला तो वेगळाच.

तर पद्धत एकच: टाकी फुल ते टाकी फुल. भरायची, मीटर टिपायचं, चालवायची, परत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल मावलं तेवढं मधल्या किलोमीटरना लागलं. ऐकायला सोपं. पण "फुल" म्हणजे किती, हा प्रश्न पंपावर उभं राहिल्याशिवाय पडत नाही.

डिझेल फेसाळतं. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून सतत हवा ओढली जाते. टाकीतली पातळी तिथवर आली की भोक बुजतं आणि नोझल टक् करून बंद होतं. पण ते भोक डिझेलने बुजलं की फेसाने, हे नोझलला कळत नाही. जोरात सोडलं तर फेस आधी वर येतो आणि टक् होतं. दोन मिनिटं थांबा, फेस बसतो, आणखी दोन लिटर आरामात जातात. मग काही जण गाडी हलवून हलवून भरतात, झाकणाशी डिझेल दिसेपर्यंत. चाळीस लिटरात दोन लिटर म्हणजे पाच टक्के. मी पाच टक्क्यांसाठीच तर सगळा खटाटोप करत होतो.

म्हणून नियम केले. पंप तोच, मशीन तेच, गाडी उभी करायची दिशा तीच, कारण आमच्या पंपाची फरशी समुद्राकडे कललेली आहे. नोझल हळू, पहिलं टक् झालं की बस. पंपावरचा पोरगा प्रत्येक वेळी विचारायचा, "राउंड फिगर करू?" आणि मी प्रत्येक वेळी नको म्हणायचो. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे दिसायचं ते मी सोडून दिलं. एकदा तर पाच लिटरचं मापही मागितलं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात ओतून दाखवावं लागतं. रेषेला बरोबर आलं. पंपावर घ्यायची शंका तिथे संपली. म्हणजे चोर घरातच होता.

सकाळी गारव्यात डिझेल भरलं तर जास्त मिळतं, असं सांगणारा एक तरी भेटतोच. डिझेल तापलं की फुगतं हे खरं, पण अंशाला शेकडा ०.०८ एवढंच. पाच अंशांचा फरक धरला तरी चाळीस लिटरात चहाचे दोन कप. आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला सकाळ-दुपार फारशी कळतच नाही. झोप मोडण्यात अर्थ नाही.

पहिल्या तीन टाक्या अशा आल्या. ३८८ किलोमीटर, ३९.६ लिटर: ९.८. मग ४०१ किलोमीटर, ३६.२ लिटर: ११.१. मग ३६५ किलोमीटर, ३८.४ लिटर: ९.५. दुसऱ्या टाकीला मी खूश झालो होतो, तिसरीने जमिनीवर आणलं. नंतर कळलं, दुसऱ्या वेळी नोझल लवकर बंद झालं होतं आणि ते कमी भरलेलं डिझेल तिसऱ्या टाकीच्या खात्यावर चढलं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही. तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार: ११५४ भागिले ११४.२, म्हणजे १०.१.

इथे एक खोच आहे, जी मी शाळेत शिकलो असणार आणि विसरलो असणार. मायलेजच्या आकड्यांची सरासरी काढायची नसते. समजा फोंडा घाटात वीस किलोमीटर चढताना गाडीने ७ दिले आणि तेवढंच उतरताना १८. कोणीही म्हणेल, साडेबारा. पण चढायला २.८६ लिटर लागले, उतरायला १.११. चाळीस किलोमीटरना जवळजवळ चार लिटर, म्हणजे दहा. उतारावर कमावलेलं चढावर घालवलेल्याची भरपाई करत नाही. आमच्या सागरी रस्त्यावर तर हे दर अर्ध्या तासाने घडतं. गाव खाडीच्या काठाला, पूल ओलांडला की घाटी चढायची, वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्यावर चार किलोमीटर, की परत पुढच्या खाडीसाठी खाली. रेवस-रेड्डी असं नाव मोठं झोकात आहे, पण इंजिनाला विचाराल तर तो रस्ता नव्हे, करवत आहे.

तेराचे दहा झाले. हिला सांगितलं नाही.

मग एक दिवस टायरांकडे लक्ष गेलं. चारेक वर्षांपूर्वी मी कंपनीचे २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ चढवले होते. कारण? रुबाब. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. हा आकडा वाचायचा असा: २१५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के टायरची भिंत, आणि १५ इंचाची रिम. रुंदी वाढवली की भिंतही वाढते. कागदावर मांडलं तर जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, नव्याचा ७३३.५. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता नऊ सेंटिमीटरहून जास्त पुढे जाते. पण मीटर मोजतं फक्त फेरे. फेरा लांबला हे त्याला कोण सांगणार? फरक सव्वाचार टक्के.

नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागून हे पडताळून पाहायचं ठरवलं. पूर्वी किलोमीटरचे दगड बघून पाहता आलं असतं. २०१० मध्ये त्या रस्त्याचा नंबर १७ चा ६६ झाला, मग चौपदरीकरणात कित्येक दगडच इकडचे तिकडे झाले. म्हणून मोबाईलचं जीपीएस लावलं. त्याचे शंभर भरले तेव्हा गाडीच्या मीटरवर छप्पन्नचे... छे, शहाण्णव झाले होते. (मी खरंच पहिल्यांदा चुकीचं वाचलं होतं आणि पाच मिनिटं हादरलो होतो.) शहाण्णवला शंभर, अगदी हिशोबाप्रमाणे. म्हणजे १०.१ चे खरे झाले साडेदहा, एक थेंबही न वाचवता. आणि मी इतकी वर्षं मीटरवर ऐंशी बघून ऐंशीने चालतोय समजत होतो, तेव्हा त्र्याऐंशीने चालत होतो.

मग गाडीच्या माहितीपत्रकातला आकडा? तो खोटा नसतो, तो वेगळ्या जगातला असतो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत, १९६६ पासूनची ती, गाडी रोलरांवर चढवतात आणि ठरलेल्या चालीने चालवतात. त्या चालीत वेग कधी ९० च्या वर जात नाही. मला सगळ्यात गंमत वाटली ती ही की मायलेज काढायला तिथे टाकीतलं डिझेल मोजत नाहीत, धूर मोजतात. धुरात कार्बन किती गेला यावरून किती इंधन जळलं ते काढतात. लिटरभर डिझेल वजनाला किलोपेक्षाही कमी, पण जळून त्याचा अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, कारण बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. त्या रोलरांना मिठबावची घाटी नाही, छतावर फणस नाहीत आणि आमच्या शेजारच्या चिरेखाणीच्या लॉरीमागे अडकणंही नाही.

आता गाडीत नेमकं काय बिघडलंय हे शोधायचं होतं. तेही मला सापडलं नाही, तात्यांना सापडलं.

तात्या आमच्या वाडीतले, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. मी मायलेज मोजतोय हे कळल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "दहा लिटराक किती?" मला वाटलं गंमत करतायत. पण एसटीत तसंच मोजतात, केपीटीएल म्हणतात त्याला, दहा लिटरमागे किती किलोमीटर. दशांश चिन्हाची भानगडच नाही. मी म्हटलं, "एकशे पाच." ते काही बोलले नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरने काही न बोलणं म्हणजे काय ते मला कळलं.

त्याच आठवड्यात त्यांना घेऊन कणकवलीला गेलो. उतरल्यावर ते दुकानाकडे न जाता गाडीभोवती फिरले आणि एकेका चाकाच्या मध्यावर, रिमला न टेकवता, तळहात धरत गेले. जेवण वाढताना पोळी तव्यावर किती तापली बघतात तसं. पुढच्या डाव्या चाकाशी थांबले. "हेका ताप इलो हा. चाकाक हात लावन बघ." मी लावला आणि झटक्याने मागे घेतला. बाकीची तीन चाकं कोमट होती.

मेस्त्रीने चाक काढलं. पुढच्या डिस्कवर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, बसतो, तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. ब्रेक सोडला की त्याने सैल व्हायचं असतं. खालची पिन निघेना. रॉकेल मारून, हातोडीने ठोकून ठोकून ती बाहेर आली तेव्हा तिच्यासोबत तपकिरीसारखी लालसर पूड मेस्त्रीच्या तळव्यावर पडली. त्याने ती मला दाखवली, फुंकर मारून उडवली आणि म्हणाला, "समुद्र." गाडी पावसाळाभर आमच्या मळ्यात उभी असते, तिथून किनारा दगड मारला तर पोचेल एवढ्यावर. खारी हवा रबराच्या टोपणातून आत शिरली, पिन धरली, आणि मी कोण जाणे किती महिने एका चाकाचा ब्रेक अर्धवट दाबून डिझेल जाळत फिरत होतो.

पिना बदलल्या, ग्रीस भरलं, मागच्या ड्रमचे लायनर मोकळे केले, हॅण्डब्रेकची केबलही गंजून अडकत होती ती बदलली. फरक बघायला सड्यावर गेलो, पवनचक्क्यांच्या बाजूला, जिथे रस्ता पाटासारखा सपाट आहे. आधीही तिथे एकदा बघून ठेवलं होतं: चाळीसच्या वेगात न्यूट्रल करायची आणि आपोआप कुठे थांबते ते विजेच्या खांबांवर मोजायचं. पूर्वी पाचव्या खांबाशी थांबायची. आता सहावा ओलांडून सातव्याच्या अलीकडे. दोन्ही दिशांनी केलं, कारण वारा एका बाजूला ढकलतो. मला आजपर्यंत कुठल्याही आकड्याने एवढा आनंद दिला नाही, जेवढा त्या दीड खांबाने दिला.

मेस्त्रीला आणखी एक गोष्ट खटकली होती. टेंपरेचरचा काटा कधी अर्ध्यावर जात नव्हता. मी ते गाडीचं सद्गुण समजत होतो. पूर्वी एकदा घाटात इंजिन तापलं तेव्हा कोणा मेकॅनिकने थर्मोस्टॅटची वॉल काढून टाकली होती. आमच्याकडे हे सर्रास करतात, आणि मीच तेव्हा "काढ" म्हटलं होतं. ती वॉल पाणी ऐंशीच्या पुढे तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊच देत नाही, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. ती नसली की इंजिन कायम थंडच चालतं, ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही. बाजारात जाऊन यायचं म्हणजे पाच-सात किलोमीटर, तेवढ्यात तर ते तापायचंच नाही. नवी वॉल बसवली. रेडिएटर साफ केला, जे खरं तर तेव्हाच करायला हवं होतं.

एअर फिल्टर उघडला तेव्हा मेस्त्रीही हसला. जांभ्याची तांबडी धूळ अशी भरलेली की फिल्टरला विटेचा रंग आलेला. माझ्या गाडीचा पंप यांत्रिक, हवा कमी आली म्हणून तो डिझेल कमी सोडत नाही. तो सोडतच राहतो आणि उरलेलं काळा धूर होऊन जातं. चढावर माझ्यामागे येणाऱ्यांनी मला काय शिव्या दिल्या असतील!

टायरमधली हवा मात्र मला वाटलं तेवढी मोठी चोर निघाली नाही. पाच पॉइंट कमी असली तर मायलेजमध्ये टक्काभराचा फरक, एवढंच. भरून घेतली, महिन्याला बघतो, जास्त काही नाही. छतावरच्या कॅरियरचं तसंच. ऐंशीने पळताना तो वाऱ्यात आडवा उभा असतो. साठवरून ऐंशीला गेलं की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. पण आमच्या रस्त्यांवर साठ तरी कुठे मिळतात? तरी काढला. आई म्हणाली, "मगे फणस खय घालतलंस?" त्याला उत्तर नव्हतं. नट ठेवून दिलेत, चतुर्थीला परत चढवायचाय.

पुढच्या तीन टाक्यांचे, टायरचा हिशोब धरून, १२३९ किलोमीटर आणि १०३.९ लिटर. ११.९. साडेदहावरून बाराच्या उंबऱ्यावर. सगळा खर्च साडेतीन हजार. महिन्याला सातशे किलोमीटर धरले तर आठेक लिटर वाचतात, नव्वदच्या आसपासच्या भावाने सातशे रुपये. पाच महिन्यांत वसूल.

पुण्याचा मेव्हणा म्हणतो, "एवढं करून वाढलं किती, तर दीड! माझी गाडी वीसची पंचवीसवर आली, नुसती बदलून." मी त्याला लिटरला किती देते याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं ते विचारलं. त्याचे शंभरला पाच लागायचे ते चार झाले, वाचला एक लिटर. माझे साडेनऊ लागायचे, ते सव्वाआठ-साडेआठ झाले, म्हणजे मी त्याच्याहून जास्त वाचवलं. माझी जर आठवरून दहावर आली असती तर अडीच लिटर वाचले असते. जुन्या, खादाड गाडीचा एकेक आकडा महाग असतो. मेव्हण्याने हे मान्य केलं नाही, पण विषय बदलला.

उतारावर न्यूट्रल करायची सवय मला वडिलांकडून आलेली. डिझेल वाचतं अशी पक्की समजूत. तात्या एकदा शेजारी बसले असताना मी खाडीकडे उतरताना गिअर काढला, तर त्यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "न्यूट्रल केलंस तर खाडयेत जातलंस!" मग शांतपणे समजावलं. गिअरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की पंप डिझेल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, आणि इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. चुकून इंजिन बंद पडलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगड. चाळीस वर्षं घरात चालत आलेली अक्कल एका उतारावर संपली.

"डिझेल मोजून घेतंस," तात्या म्हणाले, "पण पाय कोण मोजतलो?"

हे मला लागलं. म्हणून काकींचा गुडघा दाखवायला कोल्हापूरला जायचं ठरलं तेव्हा मी चावी तात्यांच्या हातात दिली. पंप तोच, पहिल्या टक् पर्यंत टाकी. तात्यांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, आणि निघाले. पहिल्या अर्ध्या तासात मला झोप येईल असं वाटलं. काही घडतच नव्हतं. शिरगावच्या पुढे गतिरोधक दिसला तेव्हा मी अजून ॲक्सिलरेटर दाबला असता. त्यांचा पाय केव्हाच वर आला होता, गाडी आपली घरंगळत त्याच्याशी गेली, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लागलाच नाही. वळणाआधी तसंच. समोर लॉरी असली तर ती हलेल एवढी जागा आधीच सोडलेली. फोंडा घाटात तिसऱ्या गिअरात, इंजिन कण्हणार नाही आणि ओरडणारही नाही अशा एका सुरात वर. उतरतानाही तोच गिअर. "ज्या गिअरात चढलंस, त्याच गिअरात उतर," एवढंच बोलले, आणि तेही काकींशी गुडघ्याबद्दल बोलण्याच्या मधे. मी घड्याळ लावून बघत होतो. माझ्यापेक्षा सतरा मिनिटं जास्त लागली.

परत येऊन त्याच पंपावर, त्याच मशीनला. पोरगा म्हणाला, "राउंड फिगर नको ना?" शिकला होता. २१.१ लिटर. किलोमीटर, दुरुस्त करून, २८३. मी दोनदा भागाकार केला. १३.४.

फेसाबिसाचा एक लिटर इकडे-तिकडे धरला तरी, वाईटात वाईट १२.८, आणि तेही घाटासकट, तीन माणसं घेऊन. माझा उत्तम आकडा त्याच्या खाली. पंधरा वर्षं मी जो तेरा सांगत होतो तो गाडीत होता, फक्त माझ्याकडे नव्हता.

घरी आल्यावर ही वही घेऊन बसली होतीच. तिने आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही?"

रकाने पाचच होते. लिटर आणि रुपये यांच्यामध्ये जागा नव्हती, म्हणून पट्टी घेऊन शेऱ्याच्या रकान्यातून एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: चालक.